टाकीचं झाकण

माझा साडू गल्फहून कायमचा परत आला तेव्हा मी चाळिशीला आलो होतो. त्याआधीची बारा वर्षं मी त्याच्यावर जळत होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. धंद्याने आम्ही दोघंही मेकॅनिक. मी गिरीजचा, केळीच्या वाडीत वाढलेला. वाडीतल्या पाण्याच्या पंपाचं इंजिन उघडतच मी हे काम शिकलो, पुढे आयटीआय केलं आणि सातिवलीत एक शेड भाड्याने घेतली. पंप, मोटरसायकली, कोळ्यांच्या होड्यांना मागे लावतात ती इंजिनं, असं सगळं माझ्याकडे यायचं. साडू लग्नानंतर लगेच गल्फमध्ये गेला. तिकडे श्रीमंतांच्या बोटी दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये तो होता. वर्षातून एकदा यायचा, आणि तो महिना दीड महिना मला घरात बसवत नसे.

तो वाईट माणूस असता तर माझं काम सोपं झालं असतं. तो बढाया मारत नव्हता, मोठ्याने बोलत नव्हता. सासऱ्यांच्या अंगणात जेवायला बसलो की तो शेवटी बसायचा आणि आधी उठायचा. पण सासरे माझ्या स्कूटरच्या आवाजाबद्दलसुद्धा त्याला विचारायचे, मी समोर बसलेलो असताना. त्याचे हात स्वच्छ असायचे. माझ्या नखांत ऑइलची काळी रेघ कायम, ती चर्चमध्ये मिस्सेला जातानाही निघत नसे. आणि त्याच्याकडे एक लाल पेटी होती, कप्प्याकप्प्यांची. त्यात प्रत्येक पान्याला त्याच्या आकाराचा खड्डा होता. एखादा पाना जागेवर नसला तर पेटी उघडल्याबरोबर कळायचं. ती पेटी पाहून आल्यावर मी माझ्या शेडमधला पत्र्याचा डबा लाथेने बाकाखाली सारला होता, एवढं मला आठवतं.

"भावजींना एकदा विचारून बघा ना," हे माझ्या बायकोचं वाक्य. काहीही अडलं की ती हेच म्हणायची. तिच्या मनात काही नसायचं. मी मात्र उठून शेडची वाट धरायचो.

तर तो कायमचा परत आला. सातिवलीतच, माझ्या शेडपासून दोन गल्ल्या सोडून, त्याने जागा घेतली आणि शेड बांधायला काढली. हिवाळा सरता सरता माझ्याकडे वॉटर स्कूटरचं काम आलं.

कळंबच्या किनाऱ्यावर एकाने आपल्या नारळाच्या वाडीत रिसॉर्ट काढलं होतं. त्याच्या विहिरीवरचा पंप मी बघायचो. त्याने गोव्याहून एक जुनी वॉटर स्कूटर आणली. पुढचा रंग उन्हाने खाल्लेला, सीट दोन ठिकाणी शिवलेली. पाण्यावर चालणारी मोटरसायकलच ती. पोटाखालून पाणी ओढते आणि मागून जोरात फेकते, म्हणून पुढे पळते. इंजिन दोन सिलिंडरचं, ऑइल मिसळलेल्या पेट्रोलवर चालणारं.

"पंप करतोस, हे पण बघ," मालक म्हणाला.

मी आतून फुलून गेलो. हे यंत्र साडूच्या जगातलं होतं आणि ते माझ्याकडे आलं होतं. घरी गेल्यावर मी बायकोला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "भावजी अशीच कामं करायचे ना तिकडे?" मी जेवण अर्धं टाकून उठलो.

दोष विचित्र होता. सकाळी बटण दाबलं की स्कूटर एका झटक्यात सुरू. पहिलं गिऱ्हाईक फेरी मारून यायचं. वाळूवर उभी करून दहा-पंधरा मिनिटं गेली, दुसरं गिऱ्हाईक जॅकेट घालून बसलं, बटण दाबलं, की नुसतं घर्र घर्र. स्टार्टर फिरतोय, इंजिन घेत नाही. तासभर थांबलं तर कधी सुरू व्हायची, कधी नाही. मी प्लग काढायचो, तर ते पेट्रोलने चिंब ओले. पुसून, इंजिन तसंच चार वेळा फिरवून आतलं पेट्रोल उडवून, प्लग परत लावले की पांढरा धूर सोडत सुरू व्हायची.

म्हणजे पेट्रोल जास्त होत होतं, एवढं मला कळत होतं. का होतंय ते कळत नव्हतं. चालू इंजिन तर नीट चालत होतं, कुठे अडखळत नव्हतं. मी दोन्ही कार्बोरेटर खोलून साफ केले. चोकची पाती नीट उघडते का बघितली. तापल्यावर कॉइल दगा देते, ठिणगी कमजोर पडते, म्हणून न जळलेलं पेट्रोल साठतं, असाही एक हिशेब मांडला. तापलेल्या कॉइलवर ओलं फडकं ठेवून बघितलं. ठिणगी बाहेर काढून बघितली. निळी, चटचट करणारी, उत्तम. नवे प्लग टाकले. एक दिवस बरं चाललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तीन आठवडे असे गेले. रविवारी पर्यटक रांग लावायचे आणि मी प्लग हातात घेऊन वाळूवर गुडघे टेकून बसलेलो.

मग एका सकाळी मालक म्हणाला, "तुझे साडू परत आलेत ना? ते यातलेच आहेत म्हणे. त्यांना घेऊन ये उद्या."

"हो, सांगतो," मी म्हणालो. माझे कान तापले होते. मालक आत गेला. रिसॉर्टचा माणूस नुकतीच फेरी मारून आला होता. स्कूटर उन्हात उभी करून तो चहाला गेला. मी तिच्याजवळ पाचेक मिनिटं नुसता उभा होतो. मग काहीतरी करायचं म्हणून पेट्रोलचा कॅन उचलला. पुढचं झाकण वर केलं आणि टाकीचं बूच फिरवलं.

फस्स. सोड्याच्या बाटलीसारखा लांबलचक आवाज आला. पेट्रोलचा गरम वास नाकात गेला.

मी पेट्रोल भरलं, बूच लावलं, आणि सवयीने बटण दाबलं. तापलेलं इंजिन जरासं कुरकुरलं आणि सुरू झालं.

मी चमकलो. पाण्यात एक चक्कर मारून आलो, पुन्हा उन्हात उभी केली, पंधरा मिनिटं घड्याळ बघत थांबलो. या वेळी बूच न उघडता बटण दाबलं. नाही झाली. पुन्हा प्लग पुसले, पुन्हा चक्कर. या वेळी उभी केल्याबरोबर बूच सैल केलं आणि तसंच ठेवलं. पंधरा मिनिटांनी बटण. एका झटक्यात सुरू.

सगळं कोडं तिथे सुटलं. टाकीला हवा आतबाहेर करायला एक बारीक नळी असते आणि त्यात छोटा व्हॉल्व्ह असतो. तो मिठाने चोंदला असणार; हवा आत यायची, पण बाहेर जात नव्हती. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने टाकीत दाब वाढायचा. कार्बोरेटरमधली जुनी झिजलेली सुई तो दाब अडवू शकत नव्हती. त्यामुळे इंजिन बंद असताना पेट्रोल हळूहळू आत झिरपत राहायचं आणि प्लग भिजायचे. सकाळी टाकी थंड, दाब नाही, म्हणून त्रास नाही.

मी उठून मालकाला हाक मारायला निघालो होतो. खरंच निघालो होतो. ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. आतून त्याचा आवाज आला. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "नाही नाही, आता गल्फचा माणूस येतोय, तो करून टाकेल एका दिवसात."

मी मागे फिरलो.

दोन दिवस, मी स्वतःला सांगितलं. फक्त दोन दिवस गप्प राहायचं. येऊ दे त्याला लाल पेटी घेऊन. सगळं मोजू दे. हात टेकू दे. मग मी सगळ्यांसमोर पुढे होईन, बूच फिरवीन आणि बटण दाबीन. घरी जाताना मी त्या प्रसंगाची एवढी उजळणी केली, की त्यात मालक काय म्हणेल, सासरे काय म्हणतील, बायको कशी बघेल, हेसुद्धा ठरवून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी साडू आला. मालकाशी दोन शब्द बोलून थेट माझ्याकडे आला.

"तू तीन आठवडे बघतोयस. तू सांग, काय काय केलंस?"

मी सांगितलं. त्याने एका वहीत लिहून घेतलं. मग स्कूटर पाण्यात फिरवून आणली, उन्हात उभी केली, थांबला. नाही सुरू झाली.

"प्लग बघू या," तो म्हणाला.

"मी काढतो," मी म्हणालो.

इंजिनावर वाकलो. माझी पाठ त्याच्याकडे होती. पहिला प्लग बाहेर आला, ओला, टोकाशी पेट्रोलचा थेंब लोंबत असलेला. मी तो शर्टाच्या टोकाला पुसला. दुसराही पुसला. मग वळून तळहातावर दोन्ही त्याच्यासमोर धरले.

"कोरडे आहेत," मी म्हणालो. "कधी ओले असतात, कधी असे."

त्याने प्लग पाहिले, मान हलवली. "कोरडे म्हणजे मग पेट्रोलचा प्रश्न नाही. ठिणगीकडे बघायला हवं." त्याने पुन्हा वहीत लिहिलं. माझ्यावर संशय घ्यावा हे त्याच्या मनातही आलं नाही.

पुढचे दोन दिवस तो विजेतला दोष शोधत राहिला. गरम असताना मीटर लावून तारा मोजल्या, थंड झाल्यावर पुन्हा मोजल्या. एका कॉइलचा आकडा तापल्यावर थोडा हलत होता. जुन्या कॉइलचा हलतोच. त्याने मुंबईहून नवी मागवली. मी त्याला पाने देत होतो, टॉर्च धरत होतो, आणि आत एक गोड उकळी फुटत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला न कळलेलं मला कळलेलं होतं.

पण गोष्टी मी ठरवल्या तशा झाल्या नाहीत. नवी कॉइल बसवली ती वाडीत, नारळाच्या सावलीत. स्कूटर गाड्यावर होती. इंजिनाला नळाच्या पाइपने पाणी देऊन त्याने ते तापवलं, बंद केलं, थांबला, बटण दाबलं. सुरू झालं. तीनदा केलं, तिन्ही वेळा सुरू झालं. सावलीत टाकी तापलीच नव्हती. दाब कुठून येणार?

मालकाने त्याचा हात हातात घेतला. "तीन आठवडे डोकं खाल्लं हो या मशीनने."

"कॉइलच होती," साडू म्हणाला. "याने आधीचं सगळं तपासलेलं होतं, म्हणून लवकर सापडली."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. उन्हात एकदा चालवून बघू, एवढंच जरी म्हणालो असतो तरी पुरलं असतं. मी म्हणालो नाही. म्हटलं, फसेल तेव्हा आपोआप कळेल सगळ्यांना.

दोनच दिवसांनी, ईस्टरनंतरच्या रविवारी, मालकाने आम्हा दोन्ही घरांना रिसॉर्टवर जेवायला बोलावलं; तोवर स्कूटर वाडीतच उभी होती. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही गेलो. साडूची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. बाप तिला वर्षातून महिनाभर दिसलेला, त्यामुळे तो परत आल्यापासून ती त्याला सोडत नव्हती. तिला वॉटर स्कूटरवर बसायचं होतं. साडूने तिला जॅकेट घातलं, पट्टे तीन वेळा ओढून बघितले, आपणही घातलं. दोघं निघाले.

त्यांनी दोन मोठ्या फेऱ्या मारल्या. मुलीच्या ओरडण्याचा आवाज किनाऱ्यापर्यंत येत होता. मेहुणी आणि माझी बायको हात हलवत होत्या. मग लांबवर, कोळ्यांनी जाळी बांधायला खांब ठोकलेत त्या बाजूला, स्कूटर थांबली. साडू खाली वाकून मागच्या बाजूला काहीतरी ओढताना दिसला. प्लास्टिक किंवा जाळ्याचा तुकडा पोटाखालच्या पाणी ओढणाऱ्या पंपात गेला असणार. असं झालं की इंजिन बंद करून हाताने काढावं लागतं.

मी घड्याळ बघितलं. ऊन रणरणत होतं. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

तो सरळ बसला. बटण दाबत असणार. स्कूटर हलली नाही.

आता जे लिहितोय ते लिहायला मला वेळ लागला आहे. माझ्या मनात पहिला विचार आला तो "बरं झालं" हा. बघा म्हणावं तुमची कॉइल. किती वेळ मी त्या सुखात उभा होतो ते सांगता येणार नाही. अर्धा मिनिट असेल, जास्त असेल. मग माझ्या लक्षात आलं की स्कूटर लहान होत चालली आहे.

ओहोटी लागली होती. जमिनीकडून येणारा वाराही तिला बाहेरच ढकलत होता. आणि त्या खांबांपाशी लाटा फुटत होत्या.

मी धावत सुटलो. थोड्या अंतरावर एक म्हातारा कोळी होडी पाण्यात ठेवूनच जाळं आवरत होता. त्याच्या होडीचं इंजिन मीच दुरुस्त केलेलं.

"बाबा, होडी काढा. ते दोघं अडकलेत."

त्याने डोळ्यांवर हात धरून बघितलं. "पानी भरभर उतरतंय. पोरीला घेऊन एवढ्या लांब कशाला गेला तो?" असं म्हणत त्याने जाळं तिथेच टाकलं आणि इंजिनाची दोरी ओढली.

आम्ही पोचलो तेव्हा स्कूटर खांबांपासून दोन होड्या मावतील एवढ्याच अंतरावर होती. साडू एका हाताने पाणी मारून तिला वळवायचा प्रयत्न करत होता आणि दुसऱ्या हाताने बटण दाबत होता. मुलगी त्याच्या पाठीला चिकटलेली. रडत नव्हती. ओठ मात्र पांढरे पडले होते.

"टाकीचं बूच उघडा!" मी ओरडलो. "पुढचं झाकण वर करा आणि बूच उघडा!"

त्याने माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. झाकण वर केलं, बूच फिरवलं. लाटांच्या आवाजातही तो फस्स आवाज मला ऐकू आला, त्यालाही आला.

"आता अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरा आणि बटण दाबा."

त्याने दाबलं. स्टार्टर एकदा टक् झाला आणि गप्प बसला. इतक्या वेळात बॅटरी संपली होती.

कोळ्याने होडी शेजारी आणली. साडूने आधी मुलीला उचलून माझ्या हातात दिलं. मग मी दोर फेकला, तो त्याने पुढच्या कडीला बांधला, आणि आम्ही त्यांना ओढत निघालो. तो मागे स्कूटरवरच बसून राहिला, तोल सांभाळत. मुलगी माझ्या शेजारी बसली होती. जरा वेळाने तिला कंठ फुटला.

"काका, तुम्हाला कसं कळलं बूच उघडायचं ते?"

"अंदाजाने," मी म्हणालो.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

किनाऱ्यावर मेहुणी गुडघाभर पाण्यात उभी होती. मुलीला मिठीत घेऊन ती रडायला लागली. माझी बायको माझ्या दंडाला धरून सगळ्यांना सांगत होती, "यांनीच बघितलं आधी, हेच धावले." मालक, रिसॉर्टची माणसं, दोनचार पर्यटक, सगळे माझ्याभोवती. मेहुणीने माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. माझे ते हात तेव्हा मला पाण्यात बुडवावेसे वाटत होते.

साडू स्कूटर वाळूत ओढून आला. मला बाजूला घेऊन गेला.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"तुम्हाला बोलवायला सांगितलं त्या दिवसापासून."

त्याने हातांवरची वाळू झटकली. मग म्हणाला, "आणि प्लग?"

"पुसले होते."

मला वाटलं तो मारेल. मारावं असं वाटतही होतं. त्याने फक्त विचारलं, "का?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते इतकं लहान होतं, की तोंडातून बाहेर पडेना. तो वळला आणि मालकाकडे गेला. मी ऐकत होतो. "कॉइल नव्हती," तो त्याला म्हणाला. "माझं चुकलं. टाकीत दाब धरतोय. दोष याने शोधलाय, पुढचं काम हाच करेल."

झालं. मला हवं होतं ते सगळं मिळालं. मालक माझ्याकडे कौतुकाने बघत होता. बायको बघत होती. दोन दिवसांनी सासऱ्यांनी अंगणात बोलावून सगळी हकिकत विचारली आणि पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली. आणि तरी मी जळतच होतो. कारण त्याला "माझं चुकलं" एवढं म्हणायला एक क्षणही लागला नव्हता, आणि मी मात्र घरी गेल्यावर बायकोला काही सांगू शकलो नव्हतो. त्याचा चांगुलपणाही मला सोसवेना.

स्कूटर मी दुरुस्त केली. हवेच्या नळीतला व्हॉल्व्ह खोलला तर आत मीठ आणि जुन्या ऑइलचा चिकट खडा बसलेला. नवा व्हॉल्व्ह टाकला, कार्बोरेटरच्या दोन्ही सुया बदलल्या, कॉइल त्याचीच नवी राहू दिली. भर दुपारी, अर्धा तास उन्हात ठेवून बटण दाबलं. पहिल्या झटक्यात सुरू झाली. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी इंजिन बंद केलं आणि हत्यारं गोळा केली.

साडू त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. म्हणजे चारचौघांत बोलायचा. सासऱ्यांकडे जेवताना भाजीचं भांडं पुढे करायचा, "घे," म्हणायचा. तेवढंच. मेहुणीला त्याने काही सांगितलं नव्हतं हे मला तिच्या वागण्यावरून कळत होतं. ती माझ्यासाठी वेगळं काढून ठेवायला लागली होती. तळलेल्या बोंबलांतले मोठे माझ्या ताटात यायचे.

पावसाळ्यात एका संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. "मी भावजींचं नाव घ्यायचे म्हणून?" तिने विचारलं.

"तुझा दोष नाही."

"तो नाहीच," ती म्हणाली. लसणाचं ताट बाजूला सारून म्हणाली, "ताईला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. आणि तुम्ही सांगितल्याशिवाय मी तिच्या घरी जेवणार नाही."

चार दिवसांनी मी गेलो. साडू शेडवर होता, ते बघूनच गेलो होतो. मेहुणीने दार उघडलं, हसली, बसायला सांगितलं. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, प्लग पुसण्यापासून होडी काढण्यापर्यंत. शेवटी तिने एकच विचारलं.

"ती मागे बसतेय हे तुम्हाला दिसत होतं?"

"हो."

"आणि तरी जाऊ दिलंत."

ती आत गेली. मुलगी आतल्या खोलीत पाढे म्हणत होती, तिचा आवाज येत होता. मी दाराशी तसाच उभा राहिलो, जावं की थांबावं ते कळेना. मग मेहुणी बाहेर आली. डोळे पुसलेले दिसत होते. "आता जा तुम्ही," ती म्हणाली. "आणि तिला यातलं काही सांगू नका. ती सगळ्यांना सांगते की काकांनी वाचवलं. सांगू दे तिला."

दोन वर्षं आमच्या दोन घरांत जाणं-येणं कमी होतं. बायको तेवढी जायची. मग सासरे आजारी पडले आणि हॉस्पिटलच्या बाकावर मी आणि साडू पाळीपाळीने बसायला लागलो. एका सकाळी पाळी बदलताना तो उठला नाही. माझ्या शेजारीच बसला.

"का, ते तू सांगितलं नाहीस अजून," तो म्हणाला.

या वेळी मी सांगितलं. "जळत होतो तुमच्यावर. लग्न झाल्यापासून."

त्याने ऐकून घेतलं. "आता?"

"आताही," मी म्हणालो.

तो हसला नाही, रागावलाही नाही. मग म्हणाला, "बरं. चहा आणतो." आणि दोन कप घेऊन आला.

त्याची शेड पुढे मोठी झाली. उत्तनपासून डहाणूपर्यंतच्या बोटींची इंजिनं त्याच्याकडे येतात. माझी आहे तेवढीच राहिली. कधी कधी एखादा माणूस बोटीचं इंजिन टेम्पोत घालून माझ्या दारात येतो आणि विचारतो, इथे यातला चांगला कोण आहे? मी त्याला दोन गल्ल्यांपलीकडचा रस्ता दाखवतो. दाखवण्याआधी क्षणभर थांबतो, ते अजून सुटलेलं नाही. पण दाखवतो.